पंधरा गोंडे

गेल्या दिवाळीत माळा आवरताना नानांची पत्र्याची पेटी खाली आली. आत गंजलेले चिमटे, जुळवायची एक स्टिक, मूठभर शिशाचे खिळे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक ब्लॉक. लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, तळहाताएवढा. मुलीच्या स्टँपपॅडवर दाबून कागदावर उठवला. मधली ढाल झिजल्यामुळे धड उमटली नाही, पण बाकीचं अजून स्पष्ट आहे. ढालीमागे दोन आडव्या दांड्यांचा क्रूस, वर रुंद काठाची चपटी टोपी, आणि टोपीच्या दोन्ही बाजूंनी खाली सोडलेले गोंडे. एक, त्याखाली दोन, मग तीन, मग चार. एका बाजूला दहा.

आमच्याकडच्या जुन्या मंडळींना एव्हाना आठवलं असेल. हाच तो ब्लॉक, ज्यानं १९८८ च्या पावसाळ्यात नानांना रडवलं होतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या वडिलांचा (त्यांना सगळे नानाच म्हणत) अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला एक छोटा छापखाना होता. एक ट्रेडल, खिळ्यांच्या केसेस, एक कंपोझिटर आणि सुट्टीत आम्ही भावंडं. एमआयडीसीतल्या कारखान्यांची चलनं आणि बिलबुकं हे रोजचं काम. त्याखेरीज गावठाणातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नपत्रिका, बाराव्याची कार्डं, सणाचे कार्यक्रम. ही मंडळी इथली मूळची. आमचे आजोबा रत्नागिरीहून आले त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांची इथे शेतं होती, आणि घरात ती मराठीच बोलत, फक्त आमच्यापेक्षा जुनी मराठी. त्यांना 'ईस्ट इंडियन' का म्हणतात हे कोडं मला फार उशिरा सुटलं. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे आहोत हे सरकारला कळावं म्हणून त्यांनी ते नाव घेतलं. पूर्वेचा त्यात काही संबंध नाही, संबंध कंपनीशी.

तर १९८८. मुंबईचे आर्चबिशप सायमन पिमेंटा यांना पोपनी कार्डिनल केलं. ते मरोळचेच, १९२० साली तिथेच जन्मलेले. साऱ्या गावठाणात आनंद. जवळपासच्या एका चर्चच्या मंडळींनी एक छोटी पुस्तिका काढायची ठरवली आणि मुखपृष्ठाचं काम नानांकडे आलं. आर्चबिशपांच्या मानचिन्हाचा ब्लॉक आधीच्या एका कामातला नानांकडे होताच. नानांनी विचारलं, आता काय बदललं? उत्तर मिळालं, आधी हिरवं होतं, आता लाल. नानांनी त्याच ब्लॉकला लाल शाई लावली आणि आर्टपेपरवर पाचशे प्रती काढल्या. बाहेर धो धो पाऊस, शाई वाळेना, घरभर दोऱ्यांवर मुखपृष्ठं टांगलेली.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे फादर प्रूफ बघायला आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बोटानं गोंडे मोजले आणि हसून म्हणाले, "नाना, कार्डिनलची टोपी तुम्ही आखूड शिवलीत. पंधरा लागतात." नाना म्हणाले, "फादर, रंग बदलला ना?" त्यावर फादरांनी भिंग मागून घेतलं आणि टोपीवरच्या बारीक तिरप्या रेघा दाखवल्या. नाना त्यांना इतकी वर्षं शेडिंग समजत होते. फादर म्हणाले, "या रेघांचा अर्थच हिरवा. म्हणजे तुम्ही लाल शाईत हिरवी टोपी छापलीत."

सगळं काम पुन्हा करावं लागलं. गिरगावातून नवा ब्लॉक यायला दोन दिवस, कागद नवा, दुसऱ्या छपाईचे पैसे नानांनी मागितले नाहीत. देणारे देत होते, तरी. बिघडलेल्या पाचशे मुखपृष्ठांच्या कोऱ्या पाठी आम्हाला वर्षभर गणितं करायला पुरल्या. मी तेव्हा सातवीत होतो. त्रिकोणी संख्या शाळेत शिकवायच्या आधीच मला पाठ होत्या: सहा म्हणजे बिशप, दहा म्हणजे आर्चबिशप, पंधरा म्हणजे कार्डिनल.

ब्लॉक परत हातात आल्यावर वाटलं, हे सगळं आलं तरी कुठून? मग वाचत गेलो.

ढालीवर चित्र काढायची रीत युरोपात बाराव्या शतकात रुजली. शिरस्त्राणानं तोंड झाकलेलं असलं की समोरचा कोण ते कळायला ढालीवरची खूण लागते. पुढे ती खूण घराण्याची झाली, बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. चर्चमधल्या लोकांनीही ढाल घेतली, कारण पत्राला, दस्ताला शिक्का लागतोच. पण शिरस्त्राण घेऊन करायचं काय? त्याच्या जागी आली ही टोपी. मुळात ती यात्रेकरूंची उन्हापावसाची टोपी, आपल्या इरल्याची चुलत बहीण म्हणा. वाऱ्यानं उडू नये म्हणून हनुवटीखाली बांधायच्या दोऱ्या असत. गोंडे म्हणजे त्या दोऱ्यांची टोकं, बाकी काही नाही. १२४५ मध्ये लियोंच्या धर्मसभेच्या वेळी पोप चौथे इनोसंट यांनी कार्डिनलना लाल टोपी दिली. लाल का, तर धर्मासाठी रक्त सांडायची तयारी. बिशपांना हिरवी. गोंड्यांची संख्या मात्र बराच काळ चित्रकाराच्या मर्जीवर होती. कार्डिनलचे पंधरा हे ठाम ठरलं १८३२ मध्ये. म्हणजे नाना सतराव्या शतकात छापखाना चालवत असते, तर कदाचित वाचले असते.

त्या तिरप्या रेघांचं श्रेय एका इटालियन जेझुइटाकडे जातं. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता त्याचं नाव. १६३८ मध्ये त्यानं रोममध्ये एक ग्रंथ छापला आणि काळ्या शाईत रंग कसे दाखवायचे याची रीत रूढ केली. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या निळा, डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरप्या हिरवा, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे चांदी. एकरंगी छपाई करणाऱ्यासाठी ही किती मोठी सोय! नानांना ही गोष्ट मी सांगू शकलो असतो तर त्यांनी त्या माणसाला मनापासून नमस्कार केला असता, आणि मग दोन शिव्याही दिल्या असत्या.

आता आपल्याकडची गोष्ट. ती फार वेगळ्या ढालीपासून सुरू होते.

साष्टीत, म्हणजे आजच्या वांद्रे, अंधेरी, बोरिवली, मुलुंड या साऱ्या पट्ट्यात, सोळाव्या शतकात चर्च उभी राहिली ती पोर्तुगालच्या राजाच्या छत्राखाली. पोपनी त्या राजाला एक अधिकार दिला होता, पद्रोआदो. नव्या मुलखात चर्च बांधायची, धर्मगुरू पोसायचे ते राजानं, आणि बदल्यात बिशप कोण हे सुचवायचं तेही राजानं. बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी घेऊन तिथे चर्च करणारे फ्रान्सिस्कन होते. आमच्या सीप्झच्या कुंपणाच्या आत जे पडकं चर्च उभं आहे ते १५७९ मध्ये जेझुइटांनी बांधलं. पुढे गावात साथ आली, १८४० च्या सुमारास लोक तिथून उठले आणि चर्च मरोळला हललं. संघ वेगळे, त्यांच्या खुणा वेगळ्या, फ्रान्सिस्कनांचे एकमेकांवर ठेवलेले दोन हात, जेझुइटांची येशूच्या नावाची तीन अक्षरं. पण त्या सगळ्यांच्या वर राजाची ढाल, पाच छोट्या निळ्या ढाली क्रुसासारख्या मांडलेल्या, भोवती किल्ले. वसईच्या किल्ल्यात फिरलात तर दगडांवर असली मानचिन्हं अजून दिसतील. जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिसच्या चर्चची फरशीच घराण्यांच्या ढाली कोरलेल्या थडग्यांची आहे. आपण त्यांवरूनच चालतो.

मराठी माणसाला यात अनोळखी काही वाटू नये. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव, मग पेशव्यांचं. छत्रपती बदलले की शिक्का नवा. अधिकार कुठून आला ते आधी सांगायचं, मग आपण कोण ते.

१७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली. चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. युरोपीय धर्मगुरू गेले, गोव्याचे देशी धर्मगुरू राहिले, आणि गावं आपली प्रार्थना करत राहिली. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांकडे गेली. तिकडे मुंबई बेटावर याआधीच एक भानगड सुरू झाली होती. १७२० मध्ये कंपनी सरकारनं पोर्तुगीज धर्मगुरूंना बाहेर काढून थेट पोपच्या हाताखालचे कार्मेलाइट आणले. त्यांच्या बाजूला प्रोपगंडा म्हणत (रोमच्या धर्मप्रसार खात्याचं हे नाव, तेव्हा त्याला आजचा वाईट अर्थ नव्हता). मग तक्रारी, अर्ज, उलट अर्ज. शेवटी १७९४ मध्ये बेटावरची चार चर्च दोन-दोन अशी वाटून दिली. भावकीतल्या वाटणीसारखीच ही वाटणी, आणि परिणामही तसाच. पुढची सव्वाशे वर्षं एका शहरात दोन धर्मसत्ता. एका गल्लीतलं एक घर गोव्याच्या आर्चबिशपांचं, शेजारचं रोमच्या प्रतिनिधीचं.

यात सगळ्यात नाट्यमय प्रसंग १८५३ चा, माहीमचा. तिथल्या सेंट मायकल चर्चचा ताबा कुणाचा यावरून प्रोपगंडाचे बिशप अनास्तासियस हार्टमन स्वतः चर्चमध्ये जाऊन बसले. बाहेर विरुद्ध बाजूच्या लोकांनी वेढा घातला. बिशप मरायला तयार होते, चर्च सोडायला नव्हते. अखेर सरकारनं मध्ये पडून चर्च पद्रोआदोच्या लोकांना दिलं. (हेच हार्टमन. 'एक्झामिनर' हे कॅथलिक साप्ताहिक १८५० मध्ये त्यांच्याच काळात निघालं.) आत आणि बाहेर, दोन्हीकडे एकाच प्रार्थना म्हणणारे लोक होते. हे वाचताना मला आमच्या गावच्या देवळाच्या मानपानावरून चाललेला खटला आठवला. दोन पिढ्या चालला आणि पालखी तोवर कुणीच उचलली नाही.

१८८६ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि १८८७ पासून मुंबईला आर्चबिशप आले, जॉर्ज पोर्टर नावाचे इंग्रज जेझुइट. त्याच वेळी दमण हा नवा धर्मप्रांत निघाला आणि साष्टीतली बहुतेक जुनी चर्च त्याच्याकडे गेली, शहरातलीही काही. दमणच्या बिशपांना मान म्हणून क्रांगानोरचे आर्चबिशप हाही किताब होता. म्हणजे बघा, एक शहर, दोन अधिकारी आणि किताबानं दोघेही आर्चबिशप! दोघांच्याही टोपीला दहा-दहा गोंडे! नानांसारख्या छापखानेवाल्याचं त्या काळात काय झालं असतं, कल्पनाच करवत नाही.

हे जोडराज्य १९२८ पर्यंत चाललं. त्या वर्षी दमणचा धर्मप्रांत मुंबईत विलीन केला. सायमन पिमेंटा तेव्हा आठ वर्षांचे होते. मरोळच्या त्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा दोन राज्यं होती, शाळेत जाईपर्यंत एक उरलं. पण त्या एकातही एक अट शिल्लक होती. मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीनं एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असायचा. इथे शेकडो वर्षं ख्रिस्ती असलेल्या माणसाचा त्यात नंबरच नाही. पहिली पाळी पोर्तुगीज जेझुइट जोआकिम लिमा यांची. १९३७ मध्ये दुसरी पाळी इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स यांची.

या रॉबर्ट्ससाहेबांबद्दल मला फार आदर वाटतो. पुढची पाळी पुन्हा पोर्तुगीजाची होती हे त्यांना दिसत होतं. त्यांनी १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप करून घेतलं आणि मग कारभार त्यांच्या हाती सोपवून स्वतः बाजूला झाले. खुर्ची रिकामी केली नाही, म्हणजे पोर्तुगालला माणूस पाठवता येईना. आणि खुर्चीवर बसलेही नाहीत, म्हणजे ग्रेशियसना काम करता येई. १९५० मध्ये पोर्तुगालनं आपला हक्क सोडला, रॉबर्ट्सनी राजीनामा दिला आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. स्वातंत्र्याला तीन वर्षं उलटून गेल्यावर. सत्ता सोडण्याची इतकी हुशार आणि इतकी सभ्य तऱ्हा आपल्या इतिहासात मला तरी फारशी सापडत नाही.

१९५३ मध्ये ग्रेशियस कार्डिनल झाले, भारतातले पहिले. त्या काळी खरीखुरी टोपी मिळत असे, ती सपाट, लाल, पंधरा-पंधरा गोंड्यांची. ती डोक्यावर घालून कुणी हिंडत नसे. कार्डिनल वारले की ती त्यांच्या कॅथीड्रलमध्ये टांगायची, आणि धूळ खात, जीर्ण होत ती आपोआप पडेपर्यंत तशीच ठेवायची अशी युरोपात पद्धत होती. ग्रेशियस १९७८ मध्ये गेले. त्यांची लाल टोपी कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलमध्ये जपलेली आहे.

पिमेंटांना मात्र तशी टोपी मिळालीच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर बराच थाटमाट कमी केला गेला आणि १९६९ मध्ये ही मोठी टोपी देणं बंद झालं. त्याच वर्षी बिशपांच्या मानचिन्हातला मुकुट आणि दंडही काढायला सांगितलं. चित्रातली टोपी तेवढी राहिली. म्हणजे १९८८ मध्ये नानांनी जी टोपी चुकवली ती जगात कुठेच नव्हती. ती फक्त कागदावरच असते, आणि कागदावरचं काम छापखान्याचं. ती बरोबर छापणं हेच तिचं असणं होतं. फादर मोजत होते ते म्हणूनच, असं आता वाटतं. तेव्हा मला ते म्हातारं खवचट वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट मला ब्लॉक बघताना सुचली. सरदाराची ढाल मुलाकडे जाते, बिशपाची कुणाकडेच जात नाही. माणूस नवा आला की ढाल नवी. १८७७ च्या दिल्ली दरबारात इंग्रजांनी आपल्या संस्थानिकांना मानचिन्हांचे झेंडे वाटले. रॉबर्ट टेलर नावाच्या मुलकी अधिकाऱ्यानं ती चिन्हं तयार केली होती, आणि पुढे संस्थानिकांच्या घराण्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या मिरवली गेली. बिशपाला ढालीवर काय घालायचं ते त्याचं तो ठरवतो, ब्रीदही त्याचं तोच निवडतो. आयव्हन डायस मूळचे वांद्र्याचे. त्यांनी एकच लॅटिन शब्द घेतला, 'सेर्वुस', म्हणजे सेवक. त्यांच्यानंतरच्या ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी ब्रीद इंग्रजीत ठेवलं, ख्रिस्तात सर्वांचा समेट घडवावा अशा अर्थाचं. दोनशे वर्षं भांडलेल्या शहराच्या आर्चबिशपानं समेट हा शब्द निवडावा, हे मला आवडलं. आता एखादं ब्रीद मराठीतही येऊ दे. लॅटिनच हवी असा काही नियम नाही.

पोपसुद्धा बदल करतात. २००५ मध्ये सोळावे बेनेडिक्ट यांनी आपल्या ढालीवरचा शतकानुशतकांचा तिहेरी मुकुट काढून तिथे बिशपाचा साधा मुकुट ठेवला. जुन्या जाणकारांनी बरीच कुरकुर केली म्हणतात.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईला जॉन रॉड्रिग्ज हे नवे आर्चबिशप आले. म्हणजे पुन्हा हिरवी टोपी, पुन्हा दहा. आता ब्लॉक लागत नाही, शाई वाळवावी लागत नाही, संगणकावर एक गोंडा काढला की तोच चिकटवत जायचं. पण मोजावे लागतातच.

तर नातेवाईक मंडळींना एक विनंती. त्या बिघडलेल्या मुखपृष्ठांची आमच्याकडे एकही प्रत उरलेली नाही. मोठ्या आत्यानं त्यातली बरीचशी डब्यांत अंथरायला नेली होती असं आई म्हणते. कुणाच्या फडताळात, एखाद्या जुन्या पुस्तकाच्या कव्हरला, लाल शाईतली दहा गोंड्यांची टोपी सापडली तर टाकू नका. मागच्या बाजूला माझी त्रैराशिकं असतील, बहुतेक चुकलेली.